एका सुराचे वाद्य

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा पुढे बोटीवर नोकरीला लागला. कोकणातल्या मुलाने बोटीवर जावे यात नवल नाही. नवल हे की हा मुलगा गावी आला की आठवणीने गुरुजींना भेटायला येतो आणि येताना रिकाम्या हाताने येत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो आला तेव्हा त्याने पिशवीतून एक विचित्र वस्तू काढून माझ्या हाती दिली. बांबूची एक चौकट, तीत उभ्या टांगलेल्या बांबूच्याच दोन नळ्या, एक मोठी, एक तिच्या निम्मी. "गुरुजी, जावाहून आणलंय. वाजवायचं वाद्य आहे," तो म्हणाला.

मी ते हलवून पाहिले. मोठा गोड, ओलसर नाद निघाला. देवळातल्या घंटेला लाकडाचा गळा फुटावा तसा. मी पुन्हा हलवले. पुन्हा तोच नाद. उजवीकडून हलवले, डावीकडून हलवले, वरची बाजू खाली करून पाहिली. सूर एकच. शेवटी मी संकोचाने विचारले, "अरे, हे वाटेत बिघडले तर नाही ना?"

तो हसला. "नाही गुरुजी, हे एवढंच वाजतं. बाकीचे सूर बाकीच्या माणसांकडे असतात."

हे वाक्य तो सहज बोलून गेला, पण ते माझ्या मनातून जाईना. दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यांतल्या एकाही पात्राच्या तोंडी मला असे वाक्य घालता आलेले नाही! मग काय, तालुक्याच्या वाचनालयापासून ओळखीच्या प्राध्यापकांपर्यंत साऱ्यांना मी त्या वाद्यासाठी पिडले. त्यातून हाती आलेली हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

या वाद्याचे नाव अंगक्लुंग. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पश्चिम भागात सुंदा नावाचे लोक राहतात, त्यांचे हे वाद्य. जावा म्हटले की आपल्याला वाटते, कुठे तरी सातासमुद्रापलीकडचा मुलूख! पण याच पश्चिम जावात पाचव्या शतकात पूर्णवर्मन नावाचा राजा होऊन गेला, आणि त्याचे शिलालेख संस्कृतात आहेत. त्यांतल्या एकात तर दगडावर राजाची पावले कोरून त्यांना विष्णूच्या पावलांची उपमा दिली आहे. म्हणजे ओळख जुनी आहे. मध्ये फक्त पुष्कळ दिवस पत्रव्यवहार नव्हता, एवढेच.

सुंदा लोक भात पिकवणारे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली त्यांची भातखाचरे चित्रात पाहिली आणि मला वाटले, छायाचित्रकाराने आमच्याच घाटाखाली यंत्र रोवले असावे. शेताची राखण करायला तेही आपल्यासारखीच बांबूची खोपी उभारतात. तिला त्यांच्या भाषेत 'साउंग' म्हणतात. आणि त्यांच्या भाताची एक देवता आहे. तिचे नाव वाचले आणि मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. तिचे नाव श्री.

होय, तीच आपली श्री. लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीच्या पहिल्या पानावर जी अक्षरे लिहितो, त्यांतली ही श्री. आपल्याकडे ती कमळावर बसून राहिली, तिकडे ती चिखलात उतरली आणि भाताच्या लोंबीत जाऊन बसली. सुंदा लोक तिला न्याई पोहाची म्हणतात. तिच्या एका प्रचलित कथेत असे आहे की ती मरण पावली आणि तिला पुरले तेव्हा तिच्या देहातून भात उगवले, नारळ उगवला, आणि बांबूही उगवला. म्हणजे भात आणि बांबू ही एकाच आईची लेकरे ठरली. मग भाताच्या देवीला शेतात बोलवायचे तर कोणत्या वाद्याने बोलवावे? सुंदा लोकांनी बांबू हाती घेतला. अंगक्लुंगचा नाद ऐकून श्री खाली उतरते आणि लोंबी भरते, अशी त्यांची श्रद्धा.

बांतेन भागातल्या डोंगरात बदुई नावाचे सुंदा लोक राहतात. बाहेरच्या जगाचे वारे त्यांनी अंगाला फारसे लागू दिलेले नाही. त्यांच्याकडे आजही भाताच्या पेरणीच्या विधीत अंगक्लुंग वाजते. त्यांच्या वाजवण्याला हंगाम आहे. लहर आली म्हणून कोणी ते वाजवीत नाही. आपल्याकडे शिमग्याचा ढोल शिमग्यालाच बाहेर निघावा, तशातलाच हा प्रकार.

सर स्टॅम्फर्ड रॅफल्स हा इंग्रज काही वर्षे जावाचा कारभारी होता. त्याने १८१७ साली जावाचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या वाद्याचा उल्लेख आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी परक्याच्याही नजरेत भरावे इतके ते तिथे नांदत होते. पुढे काळ फिरला. डचांचा अंमल पक्का झाला, मळे आले, शहरे आली. शहरात शिकलेल्या माणसाला आपल्या आजोबांच्या वस्तूची लाज वाटू लागते, हा नियम जावातही तसाच चालतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत अंगक्लुंगला अशी अवकळा आली की ते रस्त्यावर भीक मागणाऱ्यांच्या हाती दिसू लागले. श्रीला शेतात बोलावणारे वाद्य दारोदार चार पैसे मागू लागले!

आणि इथे आमच्या कथेत एक शाळामास्तर प्रवेश करतो. मी मास्तर असल्यामुळे त्याच्याकडे जरा कौतुकानेच पाहणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

त्याचे नाव दाएंग सुतिग्ना. जन्म १९०८ सालचा. कुनिंगान नावाच्या गावी डच सरकारच्या शाळेत तो शिक्षक होता, आणि बालवीरांचे पथकही चालवीत होता. संगीताची त्याला मनापासून आवड. असे सांगतात की एके दिवशी अंगक्लुंग वाजवीत भिकारी त्याच्या दाराशी आले. ते सूर ऐकून त्याने ते वाद्यच त्यांच्याकडून विकत घेतले. त्याच्या डोक्यात एक विचार आला. शाळेतल्या मुलांना शिकवायला व्हायोलिन आणि पियानो कुठून आणायचे? हे वाद्य मात्र परसातल्या बेटातून निघते!

पण एक अडचण होती. जुन्या अंगक्लुंगचे सूर पाच, आपल्या भूपासारखे पाचच. मुलांना हवी ती गाणी त्यात बसेनात. सुतिग्नाला सात सुरांचे अंगक्लुंग हवे होते, आणि त्याला स्वतःला बांबू तासता येत नव्हता. तेव्हा हा शिकलासवरलेला शिक्षक जाया नावाच्या एका वृद्ध कारागिराकडे गेला. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला 'बापाक' किंवा नुसते 'पाक' म्हणतात, अर्थ 'बाबा'. तर या पाक जायाकडे तो अंगक्लुंग करायला शिकला. १९३८ साली सप्तसुरांचे अंगक्लुंग तयार झाले. त्याला सुतिग्नाच्या नावावरूनच 'पदाएंग' म्हणतात.

त्याने मुलांना ते कसे दिले, ते आता ऐका. प्रत्येक मुलाच्या हाती एक अंगक्लुंग, म्हणजे एक सूर. गाण्यात ज्या क्षणी आपला सूर येईल त्या क्षणी हलवायचे. बाकीचा वेळ गप्प राहून दुसऱ्यांचे ऐकायचे. गुरुजी समोर उभे राहून हाताच्या खुणांनी सूर दाखवणार. ज्याचा गळा चांगला आहे त्यालाही एकच सूर. ज्याला गळाच नाही त्यालाही एकच. वर्गातून कोणाला वगळायची सोयच नाही, कारण एक पोर उठून गेले की गाण्याला भोक पडते.

हे वाचताना मला एक गोष्ट आठवली, आणि ती मी लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालली होती. एका मुलाचा सूर काही केल्या लागेना. त्याच्यामुळे शेजारचेही घसरत होते. पाहुणे येणार होते. मी वैतागून सर्वांच्या देखत त्याला म्हणालो, "तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." मुले हसली. मुलगाही हसला. पंधरा ऑगस्टला त्याने अगदी शिस्तीने ओठ हलवले. त्यानंतर मात्र तो रोजच्या प्रार्थनेतही ओठच हलवू लागला, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष जावे लागले. तेव्हा तो तिसरीत होता. जावाची ही हकीकत मी वाचली तेव्हा तो पाचवीत होता, आणि अजूनही ओठच हलवीत होता.

असो. आधी सुतिग्नाची गोष्ट पुरी करतो.

त्याचे अंगक्लुंग शाळेच्या आवारात राहिले नाही. नोव्हेंबर १९४६ मध्ये इंडोनेशियाचे स्वातंत्र्यवीर आणि डच सरकार यांच्या वाटाघाटी कुनिंगानजवळच्या लिंगारजाती गावी झाल्या, तेव्हा जमलेल्या पाहुण्यांपुढे सुतिग्नाच्या मुलांनी अंगक्लुंग वाजवले. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग शहरी आशिया आणि आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली. आपले पंडित नेहरू या परिषदेच्या पुढाऱ्यांत होते. त्याही पाहुण्यांपुढे अंगक्लुंग वाजले. वीस वर्षांमागे भिकाऱ्याच्या हाती असलेले वाद्य आता नव्या स्वतंत्र देशांच्या प्रतिनिधींचे स्वागत करीत होते! १९६८ साली इंडोनेशियाच्या शिक्षणखात्याने ते शिक्षणाचे साधन म्हणून मान्य केले.

सुतिग्नाचा एक शिष्य उजो न्गालागेना. त्याने आणि त्याच्या पत्नीने १९६६ साली बांडुंगमध्ये अंगक्लुंगची शाळा आणि कार्यशाळा काढली, तिचे नाव ठेवले 'साउंग'. शेतातली तीच आपली खोपी. तिथे आजही येणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती एकेक अंगक्लुंग देतात आणि घटकाभरात त्यांच्याकडूनच गाणे वाजवून घेतात. सुतिग्ना १९८४ साली वारला. नोव्हेंबर २०१० मध्ये युनेस्कोने अंगक्लुंगला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आणि ९ जुलै २०११ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे ५,१८२ माणसांनी एकत्र अंगक्लुंग वाजवून विक्रम केला. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती ते पहिल्यांदाच आले असणार, पण अडले नाही. कारण प्रत्येकाला सांभाळायचा होता एकच सूर.

एवढे वाचल्यावर मी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. घरी जाहीर केले, "आपण आठ अंगक्लुंगे करायची. सा ते वरचा सा." घरातून उत्तर आले, "आधी गोठ्याची कवाडी नीट करा." तरी मी बाजारच्या दिवशी आयदाने विकायला बसणाऱ्या म्हाताऱ्या आबांकडे गेलो. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या सुपांना आणि रोवळ्यांना आबांचा हात लागलेला आहे. बोटीवरच्या मुलाने आणलेला नमुना मी त्यांना दाखवला आणि म्हटले, "आबा, माझ्या परसात माणग्याचे बेट आहे. त्याची होईल का ही?"

आबांनी नमुना उलटसुलट केला, नखाने वाजवला, आणि माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "गुरुजी, माणगो भरीव. ह्येका पोट नाय, मगे वाजतलो कसो?"

वीस वर्षे त्या बेटाच्या सावलीत बसून मी लिहितो, पण माणगा जवळजवळ भरीव असतो आणि कळक पोकळ असतो, हे मला ठाऊक नव्हते. पाक जायाची आठवण झाली. मी आबांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटले, "मग तुम्हीच सांगा."

आबांनी सांगितले ते असे. कळक तीन-चार वर्षांचा जून हवा. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, कृष्णपक्षात. "चांदण्यात तोडल्यार भुंगो लागता." बुडख्याची दोनतीन पेरे ठेवून वर तोडायचा, म्हणजे बेट मरत नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण जावातल्या कारागिरांचा रिवाज मी नुकताच वाचला होता. तिथे काळा बांबू तोडतात तो वर्षातल्या ठराविक दोन आठवड्यांत, जेव्हा रातकिड्यांसारखे किरकिरणारे सिकाडा गाऊ लागतात. आणि जमिनीपासून किमान तीन पेरे सोडूनच तोडतात, मूळ जगावे म्हणून. बांबूतला पिठूळ अंश खायला भुंगा येतो. त्याला चुकवायचे तर वेळ पाहून तोडावे लागते. आबांनी वेळ चंद्रावरून धरली, जावातल्या माणसाने किड्याच्या गाण्यावरून. दोघांची कधी भेट झाली नाही, आणि तीन पेरे दोघांनीही सोडली.

पौषाच्या वद्यपक्षात कळक तोडला, पडवीत सावलीला उभा करून ठेवला, आणि श्रावणात कामाला बसलो. करून पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात कृती देतो. नळीचे खालचे टोक गाठीने बंद असावे. वरच्या भागात नळीची निम्मी भिंत उभी तासून काढायची, म्हणजे एक लांब जीभ उरते. खाली बंद नळी, वर जीभ. बुडाशी दोन दात ठेवायचे. ते चौकटीच्या खालच्या आडव्या कांबीतल्या खाचेत सैल बसतात. चौकट हलवली की दात खाचेच्या कडांवर आपटतात, जीभ थरथरते, आणि खालच्या नळीतली हवा तो थरथराट घोळवून बाहेर टाकते. मात्र जिभेचा सूर आणि हवेचा सूर एक असला तरच. नाही तर नुसता खडखडाट.

पदार्थविज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या पुस्तकापुरती, पण ती उपयोगी पडली. एका बाजूने बंद नळीत नादलहरीचा चौथा हिस्सा मावतो. पेटीच्या पांढरी एकचा मधला सा सेकंदाला सुमारे २६२ कंपनांचा. त्या हिशेबाने हवेची लांबी येते सुमारे ३३ सेंटीमीटर, आणि तिच्या जोडीच्या वरच्या सप्तकातल्या नळीची निम्मी. नळीच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात थोडी कमीच लागते. पुढचे काम चाकूचे. जिभेचे टोक कापले की सूर चढतो. जिभेचा बुडखा आतून तासून पातळ केला की उतरतो. वाचायला किती सोपे! एक तास जास्त बसला की कांडे चुलीत. सुरुवातीची अकरा कांडी चुलीत गेली. त्यावर पाणी चांगले तापले, अशी घरून पावती मिळाली.

बारावे कांडे आबांनी माझ्या हातातून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी कान धरा, मी कोयती धरतंय." तेव्हापासून काम सुरळीत झाले. मी पेटीचा सूर धरी, आबा पाते फिरवीत. भाद्रपद संपता संपता आठ अंगक्लुंगे उभी राहिली, वेताने बांधलेली. आणि आश्विनातले कडक ऊन पडताच सगळे सूर चढले! पावसाळी दमट हवेत जुळवलेला बांबू वाळून हलका आणि ताठ झाला होता. आबा रागावले नाहीत. पुन्हा एकेक जीभ बुडखाशी तासून सारे सूर त्यांनी खाली आणले.

आठ मुले निवडायची वेळ आली. सातांची नावे मी सहज घेतली. आठवे नाव घेताना माझाच आवाज नीट निघेना. तो मुलगा आता सातवीत गेलेला. त्याच्या हाती मी नी दिला. म्हटले, "गायचे नाही, ओठही हलवायचे नाहीत. फक्त ऐक. ध वाजला की तुझी पाळी."

पहिल्या दिवशी तो चुकला. ध वाजून गेला, वरचा सा अडून राहिला, सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. मुलांपैकी कोणी तरी म्हणाले, "अरे, तुझ्यावाचून अडलंय." तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. त्याच्यावाचून वर्गात काही अडल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुले आमच्या अंगणात जमली. पाटावर लक्ष्मी, पुढे नव्या भाताच्या लोंब्या, पणत्या लावलेल्या. आबांना मी खुर्ची दिली, पण ते आपल्या सवयीने पायरीवरच बसले. आरोह सुरू झाला. सा, रे, ग, म, प, ध, आणि अगदी वेळेवर नी. मग वरचा सा. मग उतरताना पुन्हा नी, तोही वेळेवर. वाजवले ते एवढेच. आठ सूर चढायचे आणि आठ उतरायचे. मुलांना त्याचा कंटाळा येईना. फटाके तसेच पडून राहिले आणि त्यांनी दहा-बारा वेळा तोच जिना चढून उतरून दाखवला.

फराळ झाल्यावर मुले घरोघर गेली. तो मुलगा मात्र रेंगाळला. म्हणाला, "गुरुजी, माझा नी थोडा चढलाय. आबांना सांगून उतरवून घेऊ या का?"

मी पेटी उघडली आणि पट्टी दाबून पाहिली. नी चढला होता. केसभरच, पण चढला होता. आठ वाद्ये आणि पेटी तीन महिने उशाशी घेऊन बसलेल्या मला ते कळले नव्हते. आबा पायरीवरून उठले, पणतीच्या उजेडाला येऊन बसले, आणि कोयती मागण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.